पाणी चुकलंय

राच न्युम, १६ फेब्रुवारी १९९७

मामा, थोआचा नमस्कार.

नव्या वर्षाला आला होतात तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "आर्किटेक्चरच्या परीक्षेला बसायचं आहे ना, मग आधी एक सरळ रेघ मारून दाखव." मी मारली आणि तुम्ही हसलात. ते हसू अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून आजपासून दर आठवड्याला वीस कागद पाठवणार आहे. तपासून परत पाठवा आणि दयामाया दाखवू नका.

तुम्ही सांगितलंत तसंच करते. दोन ठिपके द्यायचे, मनगट धरून ठेवायचं, हात खांद्यापासून हलवायचा, पेन्सिल न टेकवता तीनदा हवेत फिरवायची आणि मग एकदाच ओढायची. जुन्या वर्तमानपत्रांवर नऊशे रेघा झाल्या. बाबा म्हणतात, एवढ्या वेळात एका होडीच्या फळ्या रंधून झाल्या असत्या. मी म्हटलं, तुमच्या होड्यांच्या रेघा तरी कुठे सरळ असतात. त्या दिवशी जेवताना त्यांनी माशाचं डोकं मला वाढलं.

सोबत सुके मासे पाठवतेय. बसच्या टपावरून येतील, मुंग्या लागल्या तर मला बोल लावू नका.

तुमची थोआ

*

साइगॉन, २४ फेब्रुवारी

थोआ,

मासे उत्तम आहेत. रेघांबद्दल तसं म्हणवत नाही. पहिल्या शंभर रेघा घाबरलेल्या आहेत, ठिपक्यापाशी येताच थबकतात. तीनशेनंतर जीव आलाय. सातशेनंतर तू कंटाळलीस आणि तिथेच त्या चांगल्या झाल्यात. कंटाळा येईपर्यंत काढत जा.

आता खोकी काढ. काड्यापेटी, साबणाचं खोकं, बापाची हत्यारांची पेटी. ज्या कडा प्रत्यक्षात समांतर आहेत त्या लांब जाताना एकमेकींकडे झुकतात, आणि उभ्या कडा उभ्याच राहतात. मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या प्रत्येक खोक्याला ताप भरल्यासारखा दिसायचा. तुझ्या खोक्यांना ताप नको.

पट्टी, ओळंबा, सायकलची तार, काहीही हातात घ्यायचं नाही. दोन महिने फक्त डोळा. उभी रेघ कुठली असा संशय आला तर पुढच्या दाराच्या चौकटीकडे बघ. तुमच्या घराचा नकाशा मी काढलाय आणि ती चौकट गवंड्याने माझ्यादेखत ओळंबा सोडून बसवलीय. तिच्याइतकं सरळ तुमच्या वाडीत दुसरं काही नाही, तुझ्या बापासकट.

खिएम मामा

*

राच न्युम, ३ मार्च

मामा,

खोकी पाठवतेय. प्रत्येक उभी कड चौकटीशी ताडून घेतलीय, त्यामुळे ताप कुणालाच नाही.

त्यापुढचं न सांगताच सुरू केलं, रागावू नका. लंबगोल. भाताचे वाडगे, चहाचे कप, टोपली, बादली. तुमच्या वर्गातल्यासारखी एकाच गोलावरून दोनदा पेन्सिल फिरवते. पहिले शंभर बदकाच्या पायाखाली आलेल्या अंड्यांसारखे झाले, मग बरे व्हायला लागले. शेवटी धीर करून एक पूर्ण चित्र काढलंय: नदीकडच्या खिडकीपाशी टेबल, त्यावर अर्धा भरलेला काचेचा ग्लास. काठ, पाणी आणि बूड, तीन लंबगोल. सहा दिवस लागले. मला वाटतं ते जमलंय. बाबांनीसुद्धा ते बराच वेळ हातात धरलं होतं.

बाबांनी मोठं काम घेतलंय, तांदूळ वाहायची होडी. ती उतारावर चढवली आहे आणि एप्रिल संपायच्या आत पाण्यात सोडायची आहे. समोर वाळू उपसणाऱ्या होड्या आता चार झाल्या आहेत. दिवसभर त्यांच्या इंजिनांनी टेबलावरचे कप किणकिणतात, त्यामुळे लंबगोल काढताना कप धरून ठेवावे लागतात.

थोआ

*

साइगॉन, ११ मार्च

थोआ,

खोकी छान. ग्लासावर मात्र माझी लाल पेन्सिल संपत आली.

नीट ऐक. एका ग्लासातले सगळे लंबगोल एकाच कण्यावर ओवलेले असतात. काठ, पाण्याची कड, बूड. डोळ्यापासून खाली जावं तसे ते उघडत जातात, पण कलत नाहीत. तुझा काठ बरोबर आहे, बूड बरोबर आहे, आणि मधलं पाणी नदीच्या बाजूला चढलंय, चांगलं भाताच्या दोन शितांएवढं. टेबलावर ठेवलेल्या ग्लासात असं पाणी जगात कुठे नसतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ते दहादा वाच: पाणी चुकलंय.

दिसतं ते काढलं असं सांगू नकोस. सगळेच तसं सांगतात. डोळा आळशी असतो, त्याला नियम शिकवावा लागतो. परीक्षेत असं पाणी काढलंस तर तपासणारा पुढचं बघणारसुद्धा नाही.

पुन्हा काढ. दहा ग्लास.

खिएम मामा

*

राच न्युम, १७ मार्च

मामा,

दहा ग्लास पाठवतेय. सगळ्यांत पाणी सरळ आहे, तुम्हाला हवं तसं.

पण खरं सांगते, मला ते सरळ दिसत नव्हतं. ग्लास फिरवून पाहिला, दुसरा आणला, वाडगा ठेवून पाहिला. पाणी नदीकडेच चढायचं. मग तुमचा नियम आठवला आणि तसं काढलं. पाचव्या ग्लासानंतर हाताला सवय झाली.

तुमचा लाल कागद बाबांनी दोनदा वाचला. मग हसले आणि कामाला गेले.

बाकी ठीक. पुढचं दार घासतंय, पावसाळा नसताना फुगलंय असं बाबा म्हणतात, त्यांनी वरून रंधा मारला. आईचा फोटो आहे त्या पितरांच्या कपाटाखाली परवा पाचर ठोकली, म्हणजे आता तीन झाल्या. उदबत्तीचं भांडं घसरायला नको म्हणून. मी विचारलं तर म्हणाले, "उतारावरची होडी कधी सरळ असते का? पाचर मारायची आणि कामाला लागायचं." त्यांचं सगळं आयुष्य वाकड्या जागी उभं राहून गेलंय.

थोआ

*

साइगॉन, २५ मार्च

(पाठवलं नाही)

थोआ,

पाणी चुकलेलं नाही. पाणी चुकूच शकत नाही.

आज वर्गात टेबल डुगडुगत होतं म्हणून एका मुलीने पायाखाली वहीची जाड घडी सरकवली. मी तिच्या मागे उभा होतो. टेबलावर ग्लास होता. टेबल आणि ग्लास एकदम कलले, पाणी जिथल्या तिथे राहिलं. माझ्या हातातली पेन्सिल पडली, मुलं हसली. वीस वर्षं हे शिकवतो आहे आणि तुझ्या कागदावर समोर असलेलं मला दिसलं नाही.

मी तुला चौकट सरळ मानायला सांगितलं. तू चौकटीशी टेबल ताडलंस, टेबलाशी ग्लास, आणि त्या घरात सरळ उरलेली एकच गोष्ट तुला वाकडी दिसली. चौकट कललीय, थोआ. जमीन कललीय. घर नदीकडे उतरतंय. दार फुगलेलं नाही, पाचरा कपाटासाठी लागत नाहीत.

ते घर बांधापासून पंधरा मीटर मागे घ्यायचं होतं. तुझ्या आईला ओट्यावरून नदी दिसायला हवी होती, ती माझ्याशी भांडली, आणि मी सहा मीटरवर आणलं. भावाने बहिणीचं ऐकलं एवढंच तेव्हा वाटलं होतं.

हे तुझ्या बापाच्या, लुआनच्या हातात पडलं तर तो विचारेल, तूच लाल पेन्सिलीने लिहिलंस ना? मग काय सांगू? कदाचित तू खरंच चुकली असशील. एक चित्र म्हणजे काही पुरावा नव्हे. आधी तुम्हाला तिथून काढतो, मग जाऊन ओळंबा लावून बघतो, मग सांगतो.

*

साइगॉन, २५ मार्च

थोआ,

ग्लास पोचले, ठीक आहेत.

माझी तब्येत बरी नाही. छातीत दुखतं, डॉक्टर विश्रांती घे म्हणतात, आणि घरात पाणी द्यायला कुणी नाही. तू आणि तुझे बाबा महिनाभर इथे या. अभ्यासही समोर बसून होईल. होडीचं काम मागे पडलं तर पडू दे. पत्र मिळताच निघा.

खिएम मामा

*

राच न्युम, २ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र वाचून बाबा इतके घाबरले की जेवलेच नाहीत. त्यांनी कमळाच्या बिया, वाळवलेली कारली आणि शेजारच्या साउ काकांच्या बायकोकडून छातीचं औषध आणवून पाठवलंय. ते रोज दोनदा उकळून प्या, वास घेऊ नका.

यायचं मात्र जमत नाही. पाच तारखेला कबरींची साफसफाई आहे, आणि आईची कबर कुणी दुसऱ्याने सारवावी हे बाबांना चालणार नाही. त्यानंतर होडी. मालक रोज येऊन विचारतो. बाबा म्हणतात, पंचवीसला होडी पाण्यात उतरवतो आणि सव्वीसला आम्ही दोघं बसमध्ये असतो. मी एकटीने पुढे यावं असंही म्हणाले, पण त्यांना स्वयंपाक येत नाही आणि ते खारट मासा खाऊन दिवस काढतील हे मला ठाऊक आहे.

साउ काकांनी स्वयंपाकघर मागे हलवलं. बाबा त्यांना चिडवतात की अशाने एक दिवस तू भातशेतात झोपशील. आमच्या अंगणात होडीच्या उतारापासून पपनसाच्या झाडापर्यंत एक भेग पडलीय, हाताची बोटं जातील एवढी. बाबांनी लाकडाचा भुसा भरला. सकाळी भुसा खाली गेलेला असतो, मग पुन्हा भरतात. धक्क्याच्या पायऱ्या सात होत्या. आता पाण्यावर पाच आहेत. नदीला पाणी वाढलंय म्हणावं तर समोरच्या काठावर तसं दिसत नाही.

काळजी घ्या. खरंच घ्या.

थोआ

*

साइगॉन, ९ एप्रिल

थोआ,

औषध घेतो आहे. बरं वाटतंय, पण तुम्ही आलात तर जास्त बरं वाटेल. होडी मालकाला म्हणावं थांब.

एक धडा देतो. नियम बाजूला ठेव. तोच ग्लास, तीच खिडकी, आणि पाणी तुला जसं दिसतं तसं काढ, चूक-बरोबर मी बघेन. पुढच्या दाराची चौकटही काढ, वरची आणि खालची फट दाखव. आणि भेगेच्या कडेला पाऊल ठेवू नकोस, बाबांनाही सांग. पावसाआधी जमीन अशी फाटते, त्यात पाय मुरगळतो.

पत्र परतीच्या बसने पाठव. टपालावर सोडू नकोस.

खिएम मामा

*

राच न्युम, १६ एप्रिल

मामा,

सहा वेळा काढलं आणि सहाही वेळा पाणी सरळ आलं. मार्चमध्ये मला ते कललेलं दिसत होतं, हे आठवतं. आता ग्लासाकडे बघते आणि हात आपोआप तुमच्या नियमावर जातो. डोळाही तिकडेच जातो. तुम्ही म्हणाला होतात ना डोळ्याला शिकवावं लागतं, तो शिकला. चौकटीची फट मात्र काढलीय: वर डाव्या कोपऱ्यात अंगठाभर, उजवीकडे कागदही जात नाही.

काल ताटातला भात जेवताना मी ताट फिरवलं, कारण रसा सगळा एका बाजूला जात होता. बाबांनी ते पाहिलं आणि स्वतःचं ताटही फिरवलं. मामा, मला इथे आता बरं वाटत नाही. कशामुळे ते सांगता येत नाही. बदकं धक्क्यावर बसत नाहीत, माणसांनी काय करावं.

चोवीसला मला सा देकला जायचंय, परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला. तिथून तुमच्यासाठी चांगला मध आणीन.

थोआ

*

साइगॉन, २३ एप्रिल

थोआ, लुआन,

हे पत्र दोघांसाठी आहे. बसवाल्याच्या हातात देतोय, तारही करतोय.

आज सकाळी सगळे कागद भिंतीवर लावले आणि मला कळलं. थोआचं पहिलं पाणी खरं होतं. घर नदीकडे कलतंय. खालची वाळू जातेय. लुआन, पाचरा मारून आता काही होणार नाही. हे वाचल्यावर घरात परत जाऊ नका. भांडी, कपडे, हत्यारं, काहीही घ्यायला नाही. होडी सोडून द्या. पितरांना मी हात जोडतो, ते समजून घेतील.

मी रविवारी पोचतो आहे.

खिएम

*

सा देक, आत्याचं घर, १५ जून

मामा,

बाबांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी गुरुवारी झाला. आत्याने सगळं रीतीने केलं. तुम्ही तेव्हा नऊ दिवस इथे होतात, माझ्याशी धड एक वाक्य बोलला नाहीत, मीही बोलले नाही. म्हणून लिहिते.

तुमची तार पंचवीसला आली. घर चोवीसला दुपारी तीन वाजता गेलं होतं. मी फोटोवाल्याकडे बाकावर बसले होते. साउ काकांनी पाहिलं ते असं: आधी भेग उघडली, मग होडी आपोआप उतारावरून सरकली, बाबा तिच्या मागे चार पावलं धावले आणि थांबले. काका ओरडले, "लुआन, मागे ये." बाबा मागे वळले ते घराकडे. आईचा फोटो घ्यायला गेले असणार. काका म्हणतात, फार आवाज झाला नाही. पुढचा ओटा खाली बसला, आणि मग सगळंच. बाबा दोन दिवसांनी खालच्या वळणाला सापडले. तुम्हाला हे सगळं माहीत आहे.

तुम्हाला माहीत नाही ते पुढचं. मार्चच्या तीन तारखेला मी ग्लासाचं चित्र पाकिटात घालणार तेवढ्यात बाबांनी ते मागितलं. खूप वेळ बघत राहिले. मग भांड्यात पाणी घेऊन पितरांच्या कपाटाखाली, पलंगाखाली, ओट्यावर, सगळीकडे ठेवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सायकलवर आत्याकडे गेले आणि म्हणाले, मागची खोली रिकामी कर, आम्ही कदाचित येऊ. मला म्हणाले, "मामाला कळवू नको काही. नुसतं चित्र जाऊ दे. घर त्याने काढलंय, तो जे म्हणेल ते."

मग तुमचा लाल कागद आला.

त्यांनी तो भाताच्या पेजेने पुढच्या खांबावर चिकटवला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे की साइगॉनच्या मास्तरांनी पोरीचं पाणी चूक ठरवलंय. आत्याला निरोप धाडला की राहू दे खोली. नंतर मी काही म्हटलं की ते खांबाकडे बोट दाखवायचे. भेग पडली तेव्हा दाखवलं. ताट फिरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रडले तेव्हाही दाखवलं. मी हे तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही आजारी होतात आणि मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.

मला तुमचा राग येतो, मामा. सकाळी उठल्याबरोबर येतो. मग तुमचं शेवटचं पत्र काढून वाचते. तुम्ही लिहिलंय, आज सकाळी मला कळलं. कळल्या दिवशीच तुम्ही तार केलीत, पत्र बसवाल्याच्या हातात दिलंत, स्वतः यायला निघालात. चुकलात, पण कळल्यावर एक दिवसही थांबला नाहीत. तेवढ्यावर मी तुम्हाला अजून मामा म्हणते. तेवढ्यावरच परीक्षेला तुमच्याकडे येऊन राहायचं ठरवलंय, आत्या नको म्हणत असताना. एक जुलैला बसने येते.

एक काम करा. माझं पहिलं चित्र बरोबर होतं, एवढी एक ओळ तुमच्या हाताने लिहून पाठवा. शेवटच्या पत्रात आहे, पण तिथे ती घाईत आहे. मला ती वेगळ्या कागदावर हवी. बाबांच्या फोटोपाशी ठेवायची आहे.

थोआ

*

साइगॉन, २० जून

थोआ,

तुझं पहिलं चित्र बरोबर होतं.

ती ओळ वरच्या वेगळ्या कागदावरही लिहिली आहे, ती बाबांपाशी ठेव. हा कागद तुझ्यासाठी आहे.

सोबत एक जुनं पत्र आहे. मी ते तेव्हा पाठवलं नव्हतं. त्यावरची तारीख खरी आहे. ते आधी वाच, मग बसचं तिकीट काढायचं की नाही ते ठरव. माझ्या घरी यायचं नसेल तर नदीपलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते, बाई चांगल्या आहेत, त्यांना सांगून ठेवलंय. खोली आहे, टेबल खिडकीपाशी आहे. त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. परीक्षा मात्र दे.

मी एप्रिलमध्ये खोटं लिहिलं. मला पंचवीस मार्चलाच कळलं होतं. छातीत कधीच दुखत नव्हतं.

खिएम